हे गाणे कोणाला उद्देशून?
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहातील खोलीत गेल्या पावसाळ्यात एक वाद सुरू झाला आणि तो बरेच दिवस चालला. वादाचा विषय ऐकून काही वाचक हसतील. एल्विस प्रेस्ली या अमेरिकन गायकाने ५ जून १९५६ रोजी मिल्टन बर्ल यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात म्हटलेले ‘हाउंड डॉग’ हे गाणे चांगले की वाईट, हा तो विषय. मोबाइलवर ती कृष्णधवल फीत आम्ही दोघींनी एकदमच पाहिली. मैत्रीण म्हणाली, याच्यापुढे सगळे फिके. मी म्हणाले, गाणे मुळात त्याचे नव्हेच, त्याने ते ढापले. एवढे मी कुठेतरी ऐकले होते. मग आपले म्हणणे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने वाचायला लागले, आणि वाचता वाचता माझेच मत बदलले.

आधी त्या फितीविषयी. एल्विस तेव्हा २१ वर्षांचा होता. एरवी गळ्यात असणारी गिटार त्याने त्या दिवशी बाजूला ठेवली आहे, त्यामुळे हात मोकळे, अंग मोकळे. गाणे धावत्या लयीत चालते आणि संपले असे वाटते, तोच तो लय निम्म्यावर आणतो. माइकचा दांडा धरून, कंबर हलवीत, प्रत्येक शब्द ओढीत तो पुन्हा गातो. समोरच्या मुली किंचाळतात. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांनी झोड उठवली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जॅक गोल्ड यांना तर या तरुणाच्या ठिकाणी गाण्याचे अंग म्हणून काही दिसलेच नाही. माझ्या मते तो संथ शेवट हाच त्या सादरीकरणाचा प्राण आहे. पुढे निघालेल्या तबकडीत तो नाही. तेथे गाणे सुरुवातीपासून अखेरपर्यंत धावतच असते.

आता मूळ गाण्याकडे वळू. ते लिहिले व रचले जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या मुलांनी, १९५२ साली. तेव्हा दोघेही १९ वर्षांचे होते, म्हणजे आज माझे आहे तेवढेच वय! त्यांनी ते रचले विली मे थॉर्नटन हिच्यासाठी. ‘बिग मामा’ या नावाने ओळखली जाणारी ही कृष्णवर्णी गायिका धिप्पाड होती, माउथ ऑर्गन आणि ड्रम वाजवीत असे. १३ ऑगस्ट १९५२ रोजी लॉस एंजलिस येथे तिने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९५३ साली तबकडी बाजारात आली आणि ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ही यादी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या संगीताची. गोऱ्यांच्या पॉप संगीताची यादी वेगळी.

हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा खरा, पण थॉर्नटनच्या गाण्यात कुत्रा नाहीच. तेथे आहे एक ऐतखाऊ पुरुष. बाईच्या जिवावर जगणारा, गोड बोलून दाराशी घोटाळणारा. ती त्याला ओळखून आहे आणि घराबाहेर काढते आहे. गाण्याची लय सावकाश, आवाज घोगरा. शेवटी साथीदार कुत्र्यासारखे भुंकतात, तेव्हा त्या पुरुषाची फजिती पुरी होते.

हे गाणे एल्विसकडे थेट आलेच नाही. मध्ये फ्रेडी बेल व त्याचे ‘बेलबॉइज’ यांनी ते १९५५ साली म्हटले होते. त्यांनी लय वाढवली, शब्द बदलले, आणि पुरुषाच्या जागी खरोखरचा कुत्रा आणला. १९५६ च्या वसंतात एल्विस लास व्हेगासला कार्यक्रमासाठी गेला असता त्याने हेच रूप ऐकले आणि उचलले. म्हणजे त्याने थॉर्नटनच्या घरातून काही चोरले, असे म्हणता येत नाही. त्याच्या हाती आले ते आधीच धुऊन स्वच्छ केलेले गाणे होते.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मागील वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या गटाने जात्यावरच्या ओव्या ढोलकी-हार्मोनियमवर बसवून म्हटल्या व बक्षीस मिळवले. निवेदकाने ‘पारंपरिक’ एवढेच सांगितले. ओव्या माझ्या आजीच्या होत्या. बसवताना सासरच्या जाचाच्या आम्ही गाळल्या, विठ्ठलाच्या तेवढ्या ठेवल्या, कारण त्या टाळ्या घेतात. सुटीत आजीला मोबाइलवर दाखवले. तिने शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, “सासूची कुठं गेली गं?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हा फ्रेडी बेलला नावे ठेवताना मी जरा जपून आहे.

बर्ल यांच्या कार्यक्रमानंतर जे झाले ते मात्र मला हास्यास्पद वाटते. टीकेमुळे सावध झालेल्या स्टीव्ह ॲलन यांनी १ जुलैच्या आपल्या कार्यक्रमात एल्विसला शेपटीचा कोट घालायला लावून एका जिवंत बॅसेट हाउंड कुत्र्यासमोर उभे केले. कुत्र्याच्या डोक्यावर टोपी! एका बाईने पुरुषाला सुनावलेले शब्द आता अक्षरशः कुत्र्याला ऐकवले जात होते. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झाले. त्या दिवशी एल्विसने हे गाणे तीसएक वेळा म्हटले असे सांगतात, आणि त्या तबकडीतला राग ऐकला की मला वाटते, त्याने कालच्या टोपीचा सूड घेतला. ९ सप्टेंबरला एड सुलिव्हन यांच्या कार्यक्रमात तो आला तेव्हा सुमारे ६ कोटी लोकांनी त्याला पाहिले. थॉर्नटनची तबकडी कितीही खपली असती तरी ६ कोटी डोळ्यांसमोर ती आली नसती. पुढच्या पिढ्यांना कोणते रूप ‘मूळ’ वाटणार, हे त्या पडद्याने ठरवून टाकले.

पैशाचे काय? अमेरिकेतील १९०९ च्या कायद्यानुसार, एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे दुसऱ्या कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येई. प्रत्येक प्रतीमागे २ सेंट द्यावे लागत, आणि ते जात रचनाकाराकडे व प्रकाशकाकडे. पहिल्यांदा गाणाऱ्याला त्यात वाटा नव्हता. लीबर-स्टोलर यांचे त्यामुळे भाग्य उजळले. (स्टोलर त्या जुलैमध्ये ‘आंद्रेआ डोरिया’ या बुडालेल्या जहाजातून वाचून न्यूयॉर्कला उतरला तेव्हा धक्क्यावरच लीबरने त्याला ही बातमी दिली. त्याने विचारले, कोण एल्विस?) थॉर्नटनच्या म्हणण्याप्रमाणे तिला सगळे मिळून ५०० डॉलर मिळाले. आवाज तिचा, घोगरेपणा तिचा, रुबाब तिचा. पण कायद्याच्या लेखी गाणे म्हणजे कागदावरचे शब्द आणि स्वर. एल्विसला चोर म्हणण्यापेक्षा मी आता या व्यवस्थेला दोष देते. मैत्रीण म्हणते, हे तू हरल्यावर सुचले. असेल.

सर्वच पुनर्गायने सारखी नसतात, हेही सांगितले पाहिजे. थॉर्नटनने स्वतः रचलेले ‘बॉल अँड चेन’ हे गाणे जॅनिस जॉप्लिन हिने १९६७ साली मॉन्टेरी येथील महोत्सवात म्हटले. ओरडणे जास्त, लय वेगळी. पण तेथे दुःख भोगणारी बाई जागेवर आहे. गाणे ज्याला उद्देशून आहे तो माणूस दिसत राहतो. म्हणून मला ते पटते.

थॉर्नटन २५ जुलै १९८४ रोजी लॉस एंजलिसमधील एका भाड्याच्या खोलीत वारली. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये तिचे नाव गेले ते २०२४ साली, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

तिची १९६५ सालच्या युरोप दौऱ्यातील एक चित्रफीत आहे. गिटारवर बडी गाय, आणि ती ‘हाउंड डॉग’ म्हणते आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी ती मैत्रिणीला दाखवली. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे गाणंच वेगळं आहे की गं,” आणि मोबाइल माझ्या हातातून घेऊन तिने फीत पुन्हा पहिल्यापासून लावली.