छत्राक आणि ‘श्वेत’ हे लक्षण : हिरवळीवरील अळंबीविषयी एक आवश्यक दुरुस्ती

छत्राक, भूमिच्छत्र, शिलीन्ध्र इत्यादी नावांनी ग्रंथांत आलेले द्रव्य कोकणात अळंबी म्हणून सर्वपरिचित आहे. गोव्यात हिलाच अळमी म्हणतात, विदर्भात वारुळावर येणाऱ्या प्रकारास सात्या म्हणतात, आणि जे खाऊ नये असे वाटते ते सर्व ‘कुत्र्याची छत्री’ या एका नावात जमा होते. प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी हिरवळीवर, कुरणांत व शाळांच्या मैदानांवर उगवणारी पांढरी अळंबी हा आहे. लेखास निमित्त आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे, म्हणून प्रथम तीच सांगतो.

रानभाज्यांच्या एका प्रदर्शनात आम्ही छत्राकावर बोललो होतो. भावप्रकाशाचा आधार देऊन, स्वच्छ जागी उगवलेली पांढरी अळंबी फारशी दोषकर नसते, असे आम्ही सांगितले. त्यानंतर श्रावणात एके रात्री एका कुटुंबातील तिघांना आमच्याकडे आणण्यात आले. रात्री आठच्या सुमारास जेवण आणि दहा वाजल्यापासून उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. मालवण किनाऱ्यावरील कोणताही वैद्य विचारील तोच प्रश्न आम्ही विचारला : मासळी कोणती होती, तिसऱ्या खाल्ल्या होत्या का? श्रावण असल्याने मासळी नव्हतीच. अजीर्ण समजून आम्ही चिकित्सा आरंभिली. घरातील आजींनी मध्येच अळंबीचा उल्लेख केला आणि पुढे म्हणाल्या, “पांढरीशुभ्र होती वैद्यबुवा, अंगणातल्या हिरवळीवरची. तुम्हीच सांगितलं होतं ना?”

तिघांना पहाटे रुग्णालयात हलविले व दोन दिवसांनी ते सुखरूप घरी परतले. त्याचे श्रेय आमच्या निदानाला नाही. कोणत्या जातीची अळंबी त्यांच्या वाट्यास आली यावर ते अवलंबून होते.

ग्रंथोक्त विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 27 व्या अध्यायात, सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजाती शीत, मधुर, गुरू व पीनसकर सांगितल्या आहेत. सर्पच्छत्रक वर्ज्य म्हटले, पण ते ओळखावे कसे याचे लक्षण तेथे दिलेले नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या 46 व्या अध्यायात उद्भिद शाकांचा विचार उत्पत्तिस्थानावरून केला आहे : पेंढा, ऊस, वाळलेले शेण, वेळू आणि भूमी. पेंढ्यावरचे मधुर व दोषप्रशमन, शेणावरचे व वेळूवरचे कषाय व वातकोपन, भूमीवरचे गुरू आणि त्याचा अनुरस त्या त्या भूमीप्रमाणे. कवक ज्या आधारावर वाढते त्याचे गुण ते घेते, हे निरीक्षण आजही मोलाचे आहे. पेंढ्यावरील अळंबीची लागवड करणाऱ्यास ते नव्याने सांगावे लागत नाही.

सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी या विचारास वर्णाची जोड दिली. सर्व संस्वेदज शाके शीत, पिच्छिल, गुरू असून छर्दी, अतिसार, ज्वर व कफरोग उत्पन्न करतात असे ते आधी सांगतात. नंतर शुभ्र जागी, काष्ठावर, वेळूवर व गोठ्यात झालेली श्वेत छत्राके अतिदोषकर नाहीत, शेष निंद्य होत, असा अपवाद करतात. आम्ही व्याख्यानात अपवाद तेवढा सांगितला, नियम गाळला. शिवाय ‘अतिदोषकर नाही’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे. आणि मुख्य म्हणजे, श्वेतवर्ण हे भक्ष्यतेचे गमक म्हणून आज मुळीच स्वीकारता येत नाही. येथे ग्रंथाचा अवमान करण्याचा हेतू नाही. पण रोग्याच्या ताटाशी संबंध असलेल्या वचनाची परीक्षा प्रत्यक्षाने झालीच पाहिजे.

पांढऱ्या छत्राखाली काय आहे?

हिरवळीवरील खाद्य जात म्हणून जगभर प्रसिद्ध असलेली अळंबी म्हणजे अगॅरिकस कँपेस्ट्रिस, बाजारातील बटण अळंबीची रानातील बहीण. तिच्या छत्राखालील पडदे कोवळेपणी गुलाबी असतात, पुढे चॉकलेटी-तपकिरी होतात. दांड्यावर नाजूक वलय असते. तळाशी पेला नसतो.

तिच्याशी हमखास गल्लत होते ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या जातीची. उष्ण व दमट प्रदेशांत पाऊस पडून गेल्यावर हिरवळीवर ती वर्तुळाकार ओळींत उगवते. मोठे पांढरे छत्र, त्यावर तपकिरी खवले, दांड्यावर वलय. कोवळी असताना पडदेही पांढरेच दिसतात. जून झाल्यावर त्यांवर हिरवट छटा येते. ही क्वचितच प्राणघातक ठरते, पण एक ते तीन तासांत तीव्र छर्दी-अतिसार करते. आमच्या रुग्णांकडे उरलेली छत्रे दुसऱ्या दिवशी मागवून घेतली व बीजाणूंचा ठसा घेतला, तो हिरवट उमटला.

ठसा घेणे सोपे आहे. दांडा कापून छत्र पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवावे. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. वर वाटी पालथी घालून रात्रभर तसेच राहू द्यावे. अगॅरिकसचा ठसा गडद तपकिरी, क्लोरोफायलमचा हिरवा, अमानिटाचा पांढरा येतो. वारुळावरील टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी येतो, आणि तिचा दांडा मुळासारखा खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. मात्र ठसा जुळला म्हणून अळंबी खाण्यायोग्य ठरत नाही. अगॅरिकसमध्येही चोळल्यावर पिवळ्या पडणाऱ्या, कार्बोलिकसारख्या वासाच्या विषारी जाती आहेत. ठसा नाकारण्यासाठी वापरावा, परवानगी देण्यासाठी नव्हे.

चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण वा तांदूळ रंग बदलणे, किड्यांनी कुरतडलेली ती खाण्यास योग्य, या सर्व परीक्षा निरर्थक आहेत.

वेळेचा प्रश्न

खरे भय अमानिटा प्रजातीचे. तिच्यातील काही प्राणघातक जाती पूर्ण पांढऱ्या असतात. पडदे पांढरे, दांड्यावर वलय आणि मातीत दडलेल्या तळाशी पेला. अळंबी वरून खुडली की पेला जमिनीतच राहतो. या विषारी जातींतील अ‍ॅमाटॉक्सिन शिजविल्याने, वाळविल्याने नष्ट होत नाही. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन 13 जण दगावले, त्यांत चहामळ्यांतील कुटुंबे होती.

या विषाची लक्षणे बहुधा 6 ते 24 तासांनी सुरू होतात. तोवर रोगी अळंबी विसरून नंतरच्या जेवणाला दोष देतो. छर्दी-अतिसार दिवसभर चालून मग ओसरतो, रोगी उठून बसतो, आणि याच वेळी यकृताचा नाश आत चालू असतो. आपल्या दृष्टीने हाच काळ सर्वांत घातक, कारण तेव्हा दिलेल्या कोणत्याही औषधाला गुण आल्यासारखे दिसते. या विलंबामुळे यास दूषीविष म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, दूषीविष हीनवीर्य होऊन दीर्घकाळ देहात राहते, हे विष तीन-चार दिवसांत प्राण घेऊ शकते.

म्हणून वैद्यांनी आणि विशेषतः औषधी दुकानदारांनी पावसाळ्यात जुलाबाचे औषध मागणाऱ्यास दोन प्रश्न विचारावेत : गेल्या दोन दिवसांत अळंबी खाल्ली का? खाल्ल्यापासून पहिल्या उलटीपर्यंत किती तास गेले? सहा तासांहून अधिक असल्यास रोग्यास बरे वाटत असले तरी रुग्णालयात पाठवावे. सहा तासांच्या आतली उलटीही पूर्ण निर्धास्त करीत नाही, कारण एकाच टोपलीत दोन जाती असू शकतात. कुटजघन वटी किंवा आधुनिक स्तंभक गोळ्या देऊ नयेत. आमावस्थेत स्तंभन निषिद्ध, हे आपणांस सांगणे नलगे, आणि येथे तर आत विष आहे. घरी वमन देण्याचा प्रयत्नही करू नये. आरोग्यवर्धिनी, भूम्यामलकी यांवर विसंबून वेळ दवडू नये. सिलिबिनिन हे द्रव्य रुग्णालयात शिरेवाटे दिले जाते; दुकानातील सिलिमरीनच्या गोळ्या हा त्याला पर्याय नव्हे.

आपल्या भागातून ओरोस येथील जिल्हा रुग्णालय वा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. सोबतच्या चिठ्ठीत जेवणाची व पहिल्या उलटीची वेळ आणि एकत्र जेवलेल्या सर्वांची नावे लिहावीत. ज्यांना अद्याप काही झालेले नाही त्यांनाही बरोबर पाठवावे. उरलेली अळंबी तळाच्या मातीसह खणून कागदात गुंडाळून द्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती काही तासांत सडते व ओळख पटत नाही.