जुन्या मॅटाडोरच्या दाराचं हँडल: दुरुस्तीला किती लागतात?

दाराचं हँडल तुटून हातात आलं की माणूस आधी नवं हँडल शोधायला निघतो. जुन्या व्हॅनच्या बाबतीत हा क्रम चुकीचा आहे. हँडल आपसूक तुटत नाही. बिजागरी झिजून दार खाली बसतं, आतलं लॅच कोरडं पडून जड होतं, मग आपण रोज हिसका देऊन दार ओढतो आणि सगळा जोर त्या वीतभरही नसलेल्या तुकड्यावर येतो. मूळ दुखणं तसंच ठेवून नवं हँडल बसवलं, तर तेही फार टिकत नाही. म्हणून खर्चाचा हिशोब हँडलपासून सुरू न करता बिजागरीपासून सुरू करायचा.

बजाज टेम्पोच्या आकुर्डीच्या कारखान्यात बनलेली मॅटाडोर आता हौसेने जपणारे लोक आहेत. २००५ साली कंपनीचं नावच बदलून फोर्स मोटर्स झालं, त्यामुळे या गाडीचा अस्सल नवा माल दुकानाच्या फळीवर मिळेल ही आशा सोडलेली बरी. फोक्सवॅगनची कॉम्बी बाळगणाऱ्यांचं त्या मानाने बरं आहे. ब्राझीलमध्ये ती २०१३ पर्यंत बनत होती, परदेशात तिचे सुटे भाग आजही तयार होतात आणि मागवता येतात. फक्त वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून यादीतल्या किमतीवर निदान तिसरा हिस्सा वर लागेल, असं समजून चाला. मॅटाडोरवाल्याला मात्र लेथवाला, ओतारी आणि जुना बाजार हेच तीन आधार.

गॅरेजमध्ये जाण्याआधी दोन तपासण्या घरच्या घरी करा, फुकटात होतात. दार अर्धवट उघडा, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला खालून हात घाला आणि वर उचलून पाहा. दार वरखाली हललं तर पिना आणि बुश गेले. दुसरी तपासणी लॅचची. दार उघडं असतानाच लॅचची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत न्या. तब्येतीत असलेलं लॅच ‘टक्‌, टक्‌’ असे दोन आवाज देतं. आता बाहेरचं हँडल वापरा. जीभ हलकेच सुटली तर हँडल ठीक आहे, दोष दाराच्या बैठकीत किंवा खांबावरच्या स्ट्रायकरमध्ये आहे. हँडल बरंच फिरल्यावर किंवा बटण पार आत गेल्यावर मग कुठे जीभ सुटत असेल, तरच झीज हँडलची. तपासणी झाल्यावर जीभ सोडवल्याशिवाय दार आपटू नका, नाहीतर लॅच वाकेल. आणि दोनऐवजी एकच आवाज येत असेल तर हँडलचा विषय बाजूला ठेवून आधी लॅच दुरुस्त करा, कारण असं दार चालत्या गाडीत उघडू शकतं.

आता भाव. इथले आकडे पुणे-मुंबईकडच्या छोट्या कारागिरांचे, तोंडी ठरणारे, अंदाजाचे आहेत. गावोगावी ते पुढेमागे होतील. दाराचं आतलं पॅड काढून लॅच रॉकेलने धुणं, ग्रीस लावणं आणि स्ट्रायकर जुळवणं याला दारामागे ३०० ते ६०० रुपये मजुरी पडते. बिजागरीला नवी पिन आणि पितळी बुश लेथवर करून घ्यायचे तर एका बिजागरीमागे ४०० ते ८००. एवढं झाल्यावर निम्म्या गाड्यांचं हँडल ‘आपोआप’ बरं होतं, असा माझा अनुभव आहे. दार उघडंच असल्यावर त्याच्या तळाची पाणी जाण्याची भोकंही तारेने मोकळी करायला सांगा. ती मातीने बुजली की दारात पाणी साचतं आणि पत्रा आतून कुजतो. कोकणातल्या गाडीला तर हे दर पावसाळ्याआधी करावं.

खुद्द हँडल काढून हातात घेतलंत की झीज ठरावीक जागी दिसते. हँडलच्या मागे चौकोनी दांडी असते, ती लॅचच्या चौकोनी भोकात फिरते. वर्षानुवर्षांच्या वापराने दांडीच्या कडा गोल होतात आणि हँडल पाव फेरा रिकामं फिरतं. दुसरी जागा पिनेची. पिनेचं गोल भोक लांबट होतं आणि हँडल खाली लोंबतं. बटणवाल्या हँडलमध्ये आतला दट्ट्या टोकाशी झिजतो. काही प्रकारांत त्या टोकाला लॉकनट असलेला छोटा स्क्रू असतो, तो अर्धा-एक फेरा बाहेर काढला की काम भागतं, पैसा लागत नाही. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक थेट नवं हँडल आणायला सांगतो.

चौकोनी दांडी पोलादी असते. तिच्यावर वेल्डिंगने भर घालून कानशीने पुन्हा कडा काढणं हे ३०० ते ५०० रुपयांचं काम. लांबट झालेलं भोक मोठं करून बुश बसवणं, नवी पिन आणि स्प्रिंग मिळून साधारण ४०० ते ५००. हाताखाली काटेकोर टर्नर असेल तर दोन्ही कामं एका दिवसात होतात.

खरी फसगत होते ती हँडलच्या अंगाला तडा गेल्यावर. त्या काळातली बरीच क्रोमची हँडलं पितळेची नसतात, जस्ताच्या मिश्रधातूची असतात. कारागीर तिला ‘मझॅक’ म्हणतात. ही धातू ३८५ अंशांच्या आसपास वितळते, पितळाला ९०० अंश लागतात. गॅस वेल्डिंगची ज्योत लागली की मझॅकचं हँडल मेणासारखं ओघळून जातं. म्हणून कारागिराच्या हाती देण्याआधी हँडलच्या न दिसणाऱ्या बाजूला कानस मारून बघा. पिवळं दिसलं तर पितळ, त्याला डाग देता येतो. करडं दिसलं आणि लोहचुंबक चिकटलं नाही तर मझॅक धरा आणि डाग देण्याचा विचार सोडा. मझॅकचा तडा एपॉक्सीने सांधून तात्पुरतं निभावतं, पण ज्या दाराला दिवसातून दहा वेळा हात लागतो तिथे ते मला पटत नाही.

मग राहतात दोन वाटा. पहिली जुन्या मालाची. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार किंवा कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्या. वापरलेलं हँडल ३०० ते १,००० रुपयांत मिळायला हवं, गाडी पाहून भाव वाढतो म्हणून गाडी लांब लावा. आपलं तुटकं हँडल सोबत न्यायचंच. डावं-उजवं वेगळं असतं, चौकोनी दांडीची लांबी वेगळी असते, दोन स्क्रूंमधलं अंतर तीन मिलिमीटरने चुकलं तरी दाराचा पत्रा कापावा लागतो. पत्रा कापायला कुणी सांगितलं तर ते हँडल तिथेच ठेवून या.

दुसरी वाट नवं ओतून घेण्याची. मूळ तुकड्याचा तडा भरून, घासून तोच नमुना म्हणून वापरायचा, वाळूच्या साच्यात पितळ ओतायचं आणि लेथवर भोकं पाडून घ्यायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी छोटी कामं करणारे हात आहेत. पितळ गार होताना जवळपास दीड टक्का आक्रसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा लागतो. लांब हँडलमध्ये हा फरक स्क्रूच्या भोकांत जाणवतो, तेव्हा भोकं ओतताना सोडू नका, नंतरच पाडा. एकट्या नगाला १,५०० ते ३,००० रुपये पडतील. चार-पाच मॅटाडोरवाले एकत्र आलात तर नमुन्याचा खर्च वाटला जातो आणि भाव बराच उतरतो. पितळेचं हँडल मूळ मझॅकपेक्षा जड होतं, त्यामुळे स्प्रिंग जरा कडक घाला.

क्रोम सगळ्यात शेवटी. एका हँडलला ४०० ते ९०० रुपये, फोड आलेल्या मझॅकला त्याच्या दुप्पट, कारण आधीचा थर उतरवून तांब्याची भर घालावी लागते, मग निकेल, मग क्रोम. प्लेटिंगवाल्याला ‘हे मझॅक आहे’ असं स्पष्ट सांगा. लोखंडासाठीच्या कडक आम्लात ते बुडवलं तर धातूच खाल्ली जाते. बुश आणि पिनेचं काम प्लेटिंगच्या आधी उरका, हँडल दारावर एकदा बसवून पाहा, मगच पाठवा. स्प्रे क्रोम स्वस्त पडतं, पण अंगठी आणि नखं लागणाऱ्या जागी ते टिकत नाही.

चार दारांच्या गाडीचा एक हिशोब मांडतो. चारही लॅचची सफाई प्रत्येकी ५०० प्रमाणे २,०००. पुढच्या दोन दारांच्या चार बिजागऱ्या ६०० प्रमाणे २,४००. तीन हँडलांचं बुश-पिन-स्प्रिंग ४५० प्रमाणे १,३५०. सगळ्या दारांना एकच किल्ली चालावी म्हणून चावीवाल्याचे ६००. झाले ६,३५०. त्यावर चार हँडलांचं क्रोम ७०० प्रमाणे २,८०० घातलं की ९,१५०. हात आखडायचा असेल तर क्रोमवर आखडा, बिजागरीवर नको.

बसवताना हँडल आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची गादी हवीच. ती नसली की पाणी आत जातं, पत्र्याचा रंग फुगतो आणि मझॅकही सडतं. तयार गादी मिळाली नाही तर जुन्या ट्यूबचं रबर कापून घ्या, तेही चालतं. किल्लीच्या भोकात तेल-ग्रीस घालू नका, धूळ धरून कुलूप अडतं. तिथे ग्रॅफाइटची पूड.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. मालवाहू मॅटाडोर त्यात बसत नाही. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. हँडल बदलल्याने ती मोडत नाही. तरीही मूळ हँडल, तुटलेलं असलं तरी, कारागिराकडून परत मागून घ्या आणि डब्यात ठेवा. पुढच्या वेळी ओतायला नमुना तोच लागणार आहे. आणि पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक दार वीस वेळा उघडून मिटून बघा, निम्म्या वेळा आतून.