आडोसा हवा, अंधार नको

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा उपकेंद्राच्या इमारतीभोवती एक फेरी मारली, तर तपासणी कक्षाची खिडकी कोणती हे सहसा विचारावे लागत नाही. जिच्या काचांना आतून तैलरंग फासलेला असतो, वर्तमानपत्रांचे पिवळे पडलेले कागद डकविलेले असतात किंवा जिच्यापुढे औषधांचे लोखंडी कपाट उभे केलेले असते, तीच ती खिडकी. यामागील हेतू योग्यच असतो. तपासणीसाठी आलेल्या स्त्रीला बाहेरच्या नजरेची धास्ती वाटत असेल, तर ती पुन्हा केंद्राची पायरी चढणार नाही. मात्र या उपायाने नजरेबरोबर उजेडही अडतो. भर दुपारी दिवे लावावे लागतात आणि वीज गेली की परिचारिकेला विजेरीच्या झोतात काम उरकावे लागते.

हा प्रश्न केवळ विजेच्या बिलाचा नाही. गरोदर स्त्रीच्या पापणीच्या आतील फिकटपणा पाहून रक्तक्षयाचा पहिला अंदाज घेतला जातो. नवजात बालकाच्या त्वचेवर कावीळीची छटा आहे किंवा नाही, हे दिवसाच्या नैसर्गिक प्रकाशात जितके नीट कळते तितके पिवळ्या दिव्याखाली कळत नाही. अंतिम निदान रक्ताच्या तपासणीनेच होते; परंतु बालकाला त्या तपासणीसाठी पुढे पाठवावे की नाही, हा निर्णय पुष्कळदा परिचारिकेच्या डोळ्यांवरच अवलंबून असतो. ज्या खोलीत हा निर्णय घ्यावयाचा, तिचीच खिडकी बुजविलेली असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खिडक्या व झरोके यांचे एकूण क्षेत्रफळ उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश व उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश असावे लागते. नकाशात हे प्रमाण काटेकोर पाळले जाते, आणि पुढे रंगाचा एक डबा ते निष्फळ करून टाकतो.

जुनी तोड

नजर अडवून उजेड आत घेण्याची कला आपल्याकडे नवी नाही. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटींत बसविलेले आजही पाहावयास मिळतात. त्या शिंपल्यांतून मोतिया रंगाचा मऊ प्रकाश खोलीत पसरतो, पण आरपार काही दिसत नाही. काच स्वस्त झाली तशी ही तावदाने मागे पडली. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत आणि घरांत खिडकीला वरची दोन व खालची दोन अशी चार झडपे असत. खालची मिटली की आडोसा होई आणि वरच्या झडपांतून उजेड-वारा चालू राही. आजच्या फिल्मच्या वापरात या दोन्ही युक्त्या एकत्र आणता येतात.

फिल्मचे दोन प्रकार

काचेवर चिकटवावयाची फिल्म म्हणजे प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ पापुद्रा. बाजारात ती मुख्यतः दोन प्रकारची मिळते व त्यांतील भेद न कळल्याने फसगत होते.

पहिला प्रकार आरशासारख्या चकाकणाऱ्या फिल्मचा. तिच्यावर धातूचा सूक्ष्म थर असतो. दिवसा बाहेरून पाहणाऱ्यास तिच्यात स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, तर आतल्या माणसास बाहेरचे सर्व दिसते. हा परिणाम जादूचा वाटला तरी त्यामागे केवळ उजेडातील तफावत असते. कडक उन्हात बाहेरचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो. खोलीत तो दोन-तीनशे लक्स असला तरी पुष्कळ. बाहेरून परावर्तित होणाऱ्या एवढ्या तीव्र प्रकाशापुढे आतून येणारा क्षीण प्रकाश डोळ्यांना जाणवतच नाही. फिल्मला स्वतःची अशी दिशा नसते. जिकडे उजेड जास्त, तिकडे आरसा. म्हणूनच दिवेलागणीनंतर सारे उलटते. आत दिवा लागतो, बाहेर अंधार पडतो आणि आतील माणसे बाहेरून स्पष्ट दिसू लागतात. आतल्यांना मात्र काचेत स्वतःचेच रूप दिसत असल्याने आपण पाहिले जात आहोत याची कल्पनाही येत नाही.

प्रसूतिकक्ष, मुलींचे वसतिगृह, परिचारिकांचे निवासस्थान या ठिकाणी रात्रीच आडोशाची गरज अधिक असते. तेथे आरशाची फिल्म लावणे हे उघड्या खिडकीपेक्षाही वाईट म्हटले पाहिजे. कारण उघड्या खिडकीपुढे माणूस निदान सावध तरी असतो. शिवाय गडद फिल्ममधून येणारा उजेडही फार थोडा असतो. ऊन अडविणे एवढाच हेतू असेल तेथे, विशेषतः पश्चिमेच्या खिडकीला, तिचा उपयोग अवश्य करावा.

दुसरा प्रकार दुधी फिल्मचा. हिची घडण दुधी काचेसारखी असते. प्रकाशकिरण तिच्यातून जातात, पण सरळ न जाता विखुरतात. त्यामुळे चित्र पुसले जाते आणि उजेड मात्र राहतो. साध्या स्वच्छ काचेतून सुमारे नव्वद टक्के प्रकाश आत येतो. चांगल्या दुधी फिल्ममुळे त्यात घट होते, तरी त्यातील बराचसा भाग टिकतो. हा विखुरलेला प्रकाश डोळ्यांना सुखकर असतो आणि तिरिपेचे पट्टे पडत नाहीत. दिवस असो वा रात्र, तिचे काम सारखेच चालते.

तथापि एक सावधगिरी येथेही हवी. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ती सहज पटेल. पडद्यामागे दिवा, मध्ये बाहुली, की पडद्यावर तिची छाया उमटते. दुधी फिल्मही रात्री पडद्यासारखीच वागते. तपासणीचा टेबल खिडकीला लागून असेल आणि दिवा त्याच्या पलीकडे असेल, तर बाहेर आकृती दिसेल. टेबल खिडकीपासून दूर सरकवावा व दिवा खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर घ्यावा, म्हणजे छाया बाहेर न पडता आत पडते. फिल्म बसविल्यावर संध्याकाळी दिवा लावून एकाने आत उभे राहावे व एकाने बाहेरून पाहावे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे.

किती उंचीपर्यंत?

संपूर्ण खिडकी झाकण्याची गरज बहुधा नसते. आतील जमिनीपासून साडेपाच ते सहा फुटांपर्यंतच्या तावदानांना फिल्म लावली आणि वरची तशीच ठेवली, तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वरच्या काचेतून छताखेरीज फारसे काही दिसत नाही. इमारतीचे जोते उंच असल्यास हे अधिकच खरे. खोलीच्या आतल्या टोकापर्यंत पोहोचणारा प्रकाश मुख्यतः खिडकीच्या वरच्या भागातूनच येतो, त्यामुळे नेमका मोलाचा उजेड शाबूत राहतो. समोर दुमजली घर, जिना, पाण्याची टाकी किंवा उंचवट्यावरून जाणारा रस्ता असेल तर मात्र हा हिशेब चुकतो. तेथे वरची तावदानेही झाकावी लागतील. हे कागदावर ठरविण्यापेक्षा त्या त्या जागी उभे राहून पाहावे.

फिल्म बंद खिडकीलाच आडोसा देते, ही गोष्ट साधी असली तरी सुटून जाते. आडोशासाठी खिडक्या कायमच्या मिटल्या, तर खोली कोंदट होते. क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. खालची झडपे फिल्म लावून मिटलेली आणि वरची झडपे किंवा झरोके उघडे, ही जुन्या वाड्यांची रीत येथे उपयोगी पडते. खिडकी एकसंध सरकत्या काचेची असेल, तर फिल्मवर भिस्त न ठेवता अर्ध्या उंचीचा धुता येणारा पांढरा सुती पडदा लावलेला बरा. त्यास खर्चही थोडा येतो.

तपासणी कक्षासाठी फिल्म पांढरी व रंगहीनच घ्यावी. निळसर, हिरवट किंवा तपकिरी फिल्म शोभिवंत दिसते, परंतु तिच्यातून येणारा प्रकाश त्वचेचा रंग बदलून दाखवितो. मग कावीळ ओळखण्यासाठी उजेड राखल्याचा उपयोग काय? मागणीपत्रात केवळ ‘खिडकीची फिल्म’ असे न लिहिता दुधी, रंगहीन आणि प्रकाश किती टक्के आत सोडणारी, हे स्पष्ट लिहावे. आरोग्य केंद्रासाठी हा विषय रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवता येतो. मोटारींच्या काचांवरील फिल्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिलेला निर्णय आठवून काही ठिकाणी शंका काढली जाते. तो निर्णय मोटार वाहन नियमांखालील असून इमारतींच्या खिडक्यांशी त्याचा संबंध नाही.

बसविण्याचे काम अवघड नाही. जुना रंग व कागद खरवडून काच स्वच्छ धुवावी, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ओल्या काचेवर फिल्म ठेवावी आणि रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी काढीत जावे. धूळ राहिली की तेथे फुगा येतो. पहिले काही दिवस फिल्म ढगाळ दिसते. कोकणात पावसाळ्यात तर ती वाळण्यास बराच वेळ लागतो, म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. नक्षीदार काचेच्या खडबडीत बाजूस फिल्म धरत नाही. तारेच्या जाळीची काच असल्यास, विशेषतः गडद फिल्म लावताना, उन्हाने तापून तडा जाण्याचा संभव असतो. राखेने किंवा कोरड्या कागदाने काच पुसण्याची सवय मात्र सोडावी लागेल. मऊ ओले फडके पुरते.

शाळा आणि शेजार

शाळेत प्रश्न थोडा वेगळा असतो. रस्त्याच्या बाजूच्या खिडक्यांमुळे मुलांचे लक्ष उडते, म्हणून त्या कायम मिटून घेतल्या जातात. तेथे फक्त खालच्या तावदानांना दुधी फिल्म पुरेशी आहे. फळ्यावर पडणारी चमकही तिने कमी होते, आणि ती चमक कमी झाली की एका बाजूच्या बाकांवरील मुलांना फळा दिसत नाही ही तक्रार बरीचशी मिटते.

ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या तंट्यांत शेजाऱ्याच्या नव्या खिडकीचा तंटा नेहमीचा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १८ मध्ये रूढीवर आधारलेल्या सुविधाधिकारांची तरतूद आहे आणि तेथे दिलेल्या उदाहरणांपैकी एक नेमके याच तंट्याचे आहे. स्थानिक रूढी तशी असेल, तर शेजाऱ्याच्या घरातील खाजगी भागावर नजर पडेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. एकाला उजेड हवा असतो, दुसऱ्याला आडोसा; आणि बहुतेक वेळा खिडकी विटांनी बुजविण्याची मागणी पुढे येते. अशा वेळी खिडकीच्या खालच्या भागाला न उघडणारी काच व तिच्यावर दुधी फिल्म, आणि वर हवेसाठी झरोका, अशी तडजोड पंचांनी दोन्ही बाजूंपुढे ठेवून पाहावी. काचेवरील फिल्म उद्या काढताही येते, म्हणून ती काढावयाची नाही ही अट तडजोडीच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.