शाळाबंदी, पालकांची संमती आणि बालकाचा हक्क

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील बूढापारा ही बूढा तलावाकाठची जुनी वस्ती. १८७७ मध्ये वकील विश्वनाथ दत्त आपल्या कुटुंबासह रायपूरला आले, तेव्हा गावात त्यांच्या १४ वर्षांच्या मुलास योग्य अशी शाळा नव्हती. बूढापाऱ्यातील डे भवनाशी या कुटुंबाच्या वास्तव्याची आठवण जोडलेली आहे. वडिलांनी मुलाला घरीच शिकविले आणि विद्वानांच्या चर्चेत सहभागी करून घेतले. १८७९ मध्ये कोलकात्यास परतल्यावर तो मुलगा प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. तोच पुढे स्वामी विवेकानंद या नावाने जगास परिचित झाला.

या उदाहरणावरून 'शाळा नसली तरी चालते' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वडील सुशिक्षित होते, घरी ग्रंथ होते आणि शिकविण्यास वेळही होता. ज्या घरी यांपैकी काहीच नाही, तेथे शाळा बंद होणे म्हणजे शिक्षणच थांबणे होय. मार्च २०२० नंतर देशभर हाच प्रश्न उभा राहिला.

घर हीच शाळा

छत्तीसगड शासनाने एप्रिल २०२० मध्ये 'पढ़ई तुंहर दुआर' म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी' हा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला. परंतु मोबाइल आणि नेटवर्क सर्वांकडे नव्हते. ग्रामीण भारताच्या 'असर २०२०' सर्वेक्षणानुसार शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. त्यामुळे छत्तीसगडमध्ये मोहल्ला वर्ग आणि ध्वनिक्षेपकावरील पाठ यांचा आधार घ्यावा लागला. शिक्षकाचे काम मोठ्या प्रमाणात पालकांवर आले. ज्यांना स्वतःलाच शाळेची संधी मिळाली नव्हती, त्यांच्यावरही.

संमतीचा अधिकार

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ३० सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी शाळा उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपविला. हजेरीची सक्ती करू नये आणि पालकांची लेखी संमती असावी, अशी अट त्यात होती. छत्तीसगडमध्ये २ ऑगस्ट २०२१ पासून प्राथमिक वर्ग निम्म्या उपस्थितीने सुरू करताना ग्रामीण भागात ग्रामपंचायत व पालक समितीची, तर शहरात प्रभागाचे नगरसेवक व पालक समितीची शिफारस आवश्यक ठरविण्यात आली. पालकांचा शब्द इतका निर्णायक क्वचितच ठरला असेल.

मात्र अधिकारासोबत कर्तव्यही येते. राज्यघटनेच्या २१-क कलमाने ६ ते १४ वर्षे वयोगटातील शिक्षणाचा मूलभूत हक्क बालकाला दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. म्हणजे पालक हे या हक्काचे विश्वस्त आहेत, मालक नव्हेत. साथीच्या काळात मुलाचा जीव आणि मुलाचे शिक्षण यांचा तोल त्यांना राखावा लागला. धोक्याची व शाळेतील दक्षतेची पुरेशी माहिती नसेल, तर असा निर्णय केवळ भीतीवर घेतला जातो.

पुढील दिशा

नुकसान दीर्घकालीन होते. ग्रामीण भारतात इयत्ता दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले.

यावरील उपाय कायद्यातच आहे. कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे अपेक्षित आहे. ही समिती केवळ सह्यांपुरती न राहता नियमित भरली, मुलांच्या वाचन-गणिताचा आढावा घेऊ लागली आणि संकटकाळाची योजना आधीच तयार ठेवू लागली, तर संमतीपत्रावरील सही ही विचारपूर्वक केलेली सही ठरेल. विश्वनाथ दत्तांजवळ होती ती साधने प्रत्येक पालकाजवळ असणार नाहीत. ती उणीव भरून काढणे हेच सार्वजनिक शाळेचे प्रयोजन आहे.