पैजेची पद्धत आणि चक्रातले शून्य

पाठपरिचय

वैचारिक लेखन वाचताना लेखकाचे मत कोणते, एवढेच पाहून भागत नाही. ते मत कशाच्या आधारावर उभे आहे हेही तपासावे लागते. प्रस्तुत पाठात असाच एक दावा तपासला आहे. रूलेट नावाच्या जुगारात पैज लावण्याची अशी काही पद्धत आहे, की जी कसोशीने पाळली असता खेळणारा अखेर जिंकतोच, हा तो दावा. हा पाठ अभ्यासल्यानंतर युक्तिवादातील गृहीतक वेगळे काढून दाखविणे, उदाहरण आणि पुरावा यांतील भेद ओळखणे आणि आकड्यांच्या साहाय्याने केलेले प्रतिपादन स्वतःच्या शब्दांत मांडणे तुम्हांला जमावे, अशी अपेक्षा आहे. गणिताला बिचकण्याचे कारण नाही. बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर हा पाठ समजतो.

मूळ पाठ

भूमध्य समुद्राच्या काठी, तीन बाजूंनी फ्रान्सने वेढलेले मोनॅको नावाचे चिमुकले राज्य आहे. तेथील माँटे कार्लोचे द्यूतगृह जगप्रसिद्ध आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी तेथे रूलेटच्या एका चक्रावर काळा रंग येऊ लागला आणि येतच राहिला. पंधराएक वेळा काळा आल्यावर लोकांनी लाल रंगावर पैसे लावण्यासाठी गर्दी केली. आता लाल आलाच पाहिजे, अशी प्रत्येकाची खात्री होती. चक्र पुन्हा फिरले, पुन्हा काळा. लोकांनी रकमा वाढविल्या. असे होता होता काळा रंग सलग २६ वेळा आला आणि तोपर्यंत लालवर विसंबलेले बहुतेक जण धुऊन निघाले होते.

या लोकांना मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांचे चुकले कोठे, हे नेमके सांगणे तितके सोपे नाही. त्यासाठी आधी चक्राची रचना पाहू.

युरोपीय पद्धतीच्या चक्राला ३७ कप्पे असतात. १ ते ३६ या अंकांपैकी अठरा लाल, अठरा काळे. आणि सदतिसावा कप्पा शून्याचा, हिरवा. चक्र एका दिशेने फिरविले जाते आणि लहानशी गोळी उलट दिशेने सोडली जाते. ती ज्या कप्प्यात विसावेल तो अंक लागला. एखाद्या अंकावर एक रुपया लावला आणि तो अंक आला, तर पस्तीस रुपये मिळतात व आपला रुपया परत येतो. रंगावर लावलेल्या रुपयाला एक रुपया मिळतो. आपल्या देशात हा खेळ गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवर आणि सिक्कीममध्ये कायद्याच्या परवानगीने चालतो. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये द्यूतगृहांसाठी कायदा केला होता. परंतु तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला.

आता असे समजा, की एखाद्याने सर्वच्या सर्व ३७ कप्प्यांवर एकेक रुपया लावला. तो हरणे शक्यच नाही, कारण कोणता ना कोणता अंक येणारच. त्याने टेबलावर ठेवले ३७ रुपये. त्याच्या हाती परत आले ३६. एक रुपया गेला. नशिबाचा येथे संबंधच आला नाही, तरी तो गेला. हा रुपया म्हणजे शून्याच्या कप्प्याचे भाडे. द्यूतगृहाला कोणतीही लबाडी करावी लागत नाही; लावलेल्या दर ३७ रुपयांमागे सरासरी एक रुपया त्याचा, हे चक्र घडविणाऱ्या सुतारानेच ठरवून टाकलेले असते. अमेरिकी चक्रावर दोन शून्ये असल्यामुळे हे भाडे दर १९ रुपयांमागे एक रुपया पडते. फ्रेंच नियमांनुसार शून्य आल्यास रंगावर लावलेली निम्मी रक्कम परत मिळते, म्हणून तेथे ते दर ७४ रुपयांमागे एक रुपया. दर कमी झाला, दिशा तीच राहिली.

पद्धती सांगणारे हे सारे मान्य करतात. त्यांचे म्हणणे असे, की एकेका डावात तोटा असेना का. रकमा चतुराईने कमी-अधिक केल्या की एकूण हिशेब फायद्याचा करता येतो. या पद्धतींपैकी सर्वांत प्रसिद्ध 'मार्टिंगेल' ही होय. लालवर शंभर रुपये लावा. हरलात तर दोनशे, पुन्हा हरलात तर चारशे, असे दुप्पट करीत जा. लाल कधीतरी येईलच. आणि तो आला की मागची सर्व तूट भरून निघून शंभर रुपये उरतील. युक्तिवाद ऐकताना निर्दोष वाटतो. त्यातला 'कधीतरी' हा शब्द मात्र फार महाग आहे.

समजा, टेबलावर किमान शंभर आणि कमाल दहा हजार रुपये लावता येतात. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे; सात वेळा हरल्यावर एकूण १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या खेपेस लागणारे १२,८०० लावण्यास टेबलाची मनाई असते. सलग सात वेळा हरण्याची वेळ सरासरी १०६ मालिकांत एकदा येते. म्हणजे १०५ वेळा शंभर-शंभर मिळून १०,५०० रुपये मिळाले आणि एकदा १२,७०० गेले. एकूण तूट २,२०० रुपयांची. मर्यादाच नसती तर, असे कोणी विचारील. मर्यादा नसली तरी खिशाला तळ असतोच. आणि ज्याच्या खिशाला तळ नाही, त्याने शंभर रुपयांसाठी रात्र का जागवावी?

तरीही ही पद्धत टिकून आहे, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रोज रात्री तीस मालिका खेळून उठणारा मनुष्य चारपैकी साधारण तीन रात्री ३,००० रुपये जिंकून घरी येतो. तो खोटे बोलत नाही. अशा चार जणांनी एकेक रात्र खेळली, तर तिघे जण शपथेवर सांगतील की पद्धत चालते, आम्ही स्वतः अनुभव घेतला. चौथा सहसा बोलत नाही. एकेकाचे उदाहरण खरे असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष कसा चुकतो, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. जी पद्धत बहुतेक वेळा थोडे देते आणि क्वचित एकदम सगळे नेते, तिचे साक्षीदार नेहमी तिच्याच बाजूने बोलणार.

दुसरी एक पद्धत अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती दालांबेर याच्या नावाने ओळखली जाते. हरल्यावर रक्कम एका घराने वाढवायची, जिंकल्यावर एका घराने उतरवायची. शंभर लावून हरला, दोनशे लावून जिंकला, पुन्हा शंभर लावून हरला, दोनशे लावून जिंकला. हार-जीत सारखी होऊनही दोनशे रुपये फायदा. यामागचे गृहीतक असे, की हार आणि जीत यांची अखेर बरोबरी होतेच. खुद्द दालांबेरही या विषयात घसरला होता. १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातील एका नोंदीत त्याने, नाणे दोनदा उडविले असता निदान एकदा छापा येण्याची शक्यता तीनात दोन आहे, असे लिहिले. ती वस्तुतः चारात तीन आहे.

बरोबरीची ही समजूत नीट उलगडून पाहू, कारण माँटे कार्लोच्या त्या रात्रीचे मूळही येथेच आहे. नाणे शंभर वेळा उडविले आणि ६० वेळा छापा, ४० वेळा काटा आला, असे समजा. आता काट्याची पाळी, असे मन म्हणते. पण पुढील नऊशे वेळांत दोन्ही अगदी सारखे, म्हणजे ४५०-४५० आले, तर एकूण छापे ५१० आणि काटे ४९० होतील. छाप्यांचे प्रमाण शेकडा साठवरून शेकडा एक्कावन्नवर आले, म्हणजे बरोबरी जवळ आली. पण वीसची आघाडी जशीच्या तशी आहे. नाण्याने काहीही फेडले नाही. जुनी तफावत नव्या आकड्यांच्या गर्दीत दिसेनाशी झाली, इतकेच. खेळणाऱ्याचे पैसे मात्र शेकडेवारीत मोजले जात नाहीत, ते वीसच्या आघाडीत मोजले जातात. शिवाय रूलेटमध्ये हार-जीत सारखी होण्याची अपेक्षाही चूक आहे. लाल रंगाला अठरा कप्पे आहेत आणि त्याच्या विरुद्ध एकोणीस.

चक्र सुरू होण्यापूर्वी कोणी म्हणाला असता, की पुढील २६ वेळा काळाच येईल, तर ते घडण्याची शक्यता तेरा कोटींतून एकाहूनही कमी होती. पण पंचवीस वेळा काळा येऊन गेल्यावर सव्विसाव्या वेळी काळा येण्याची शक्यता ३७ पैकी १८ एवढीच राहते. गोळीला स्मरणशक्ती नाही. स्मरणशक्ती आपल्याला आहे, आणि ती आपण गोळीला बहाल करतो.

आता सर्व पद्धतींना एकच प्रश्न विचारता येतो. लहान असो वा मोठी, आज लावलेली असो वा उद्या, टेबलावर पडलेल्या प्रत्येक रकमेतून सरासरी सदतिसावा हिस्सा वजा होतो. पद्धत फक्त रकमांचा क्रम बदलते. मग सगळ्या वजाबाक्यांची बेरीज अधिक कशी येणार? द्यूतगृहांना हे पुरते ठाऊक आहे. अनेक ठिकाणी मागील अंकांचा फलक टांगलेला असतो आणि टिपणे करण्यासाठी कागद-पेन्सिल संस्थाच पुरविते. गिऱ्हाइकाने पद्धत शोधण्यात त्यांचे काही नुकसान नसते. माँटे कार्लोचे द्यूतगृह भरभराटीस आणणाऱ्या गृहस्थाचे आडनाव ब्लाँ होते. फ्रेंच भाषेत ब्लाँ म्हणजे पांढरा. तेव्हा तिकडे म्हणू लागले, की कधी लाल जिंकतो, कधी काळा जिंकतो, पण पांढरा नेहमीच जिंकतो.

पाठगत प्रश्न
१. 'कधीतरी' हा शब्द महाग आहे, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. सर्व ३७ कप्प्यांवर एकेक रुपया लावण्याच्या उदाहरणातून कोणती गोष्ट सिद्ध होते?

ज्याच्याजवळ बुद्धी आहे तो तरी या मोहातून सुटतो का? रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की याने १८६३ मध्ये जर्मनीतील वीसबाडेन येथे काही रक्कम जिंकली आणि आपल्याला खेळाचे रहस्य सापडल्याचे एका पत्रात कळविले. रहस्य असे, की क्षणोक्षणी स्वतःला आवरायचे, कितीही झाले तरी तापायचे नाही. हीही एक पद्धतच; येथे रकमेऐवजी मनाची शिस्त आहे. १८६६ च्या ऑक्टोबरमध्ये, प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराच्या धाकाने त्याने 'जुगारी' ही कादंबरी २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून पुरी केली. त्या ॲना नावाच्या लघुलेखिकेशीच पुढच्या वर्षी त्याचा विवाह झाला. आणि त्याच वर्षी बाडेन-बाडेन येथे तिची कर्णभूषणे, लग्नाच्या अंगठ्या, अंगावर घालायचे कपडेदेखील गहाण पडले. शांत डोक्याने खेळला असता तर तो वाचला असता का? हळूहळू हरला असता. शून्याच्या कप्प्याला खेळणाऱ्याचा स्वभाव कळत नाही. १८७१ नंतर मात्र तो पुन्हा कधी रूलेट खेळला नाही.

मग रूलेटमध्ये कोणी जिंकलेच नाही काय? जिंकले; पण त्यांची वाट निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यॉर्कशायरच्या कापडधंद्यातील जोसेफ जॅगर नावाचा इंग्रज माँटे कार्लोला गेला. यंत्रांशी त्याचा रोजचा संबंध असल्यामुळे कोणतेही चक्र तंतोतंत समतोल असणे कठीण, हे तो जाणून होता. त्याने मदतनीस नेमून चक्रांवरील अंकांची नोंद करविली, असे सांगतात. एका चक्रावर काही अंक प्रमाणाबाहेर येत होते. त्या अंकांवर पैसे लावून त्याने मोठी रक्कम मिळविली; चक्रांची मांडणी बदलण्यात आल्यावर तो हरू लागला आणि शहाणपणाने उठून गेला. १९६१ मध्ये अमेरिकेतील गणिती एडवर्ड थॉर्प आणि माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन यांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक तयार केला. बुटात लपविलेली कळ अंगठ्याने दाबून गोळीची व चक्राची गती मोजायची आणि गोळी कोणत्या भागात पडेल याची सूचना कानातल्या यंत्रातून ऐकायची. गोळी सुटल्यानंतरही थोडा वेळ पैसे लावता येतात, त्याचा हा उपयोग. लास व्हेगासमध्ये तारा वारंवार तुटल्यामुळे मोठा खेळ करता आला नाही, तरी यंत्राचे अंदाज उपयोगी ठरले.

येथे महाभारताच्या वनपर्वातील नळाची आठवण होते. द्यूतात राज्य गमावलेल्या नळाला ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसता पाहून पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवितो आणि फळे मोजून पाहतो. गणना बरोबर निघते. मग तो ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकतो. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत. अधिक मोठा पण लावण्याची युक्ती नळ शिकत नाही; फाशांविषयीचे ज्ञान मिळवितो. मार्टिंगेल खेळणाऱ्याला गोळीविषयी काहीही ठाऊक नसते. त्याला फक्त स्वतःचे पैसे ठाऊक असतात.

द्यूतगृहांनीही हा फरक बरोबर ओळखला. समतोल बिघडलेली चक्रे शोधून बदलली जाऊ लागली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्याने द्यूतगृहात अंदाज वर्तविणारी यंत्रे वापरणे हा गुन्हा ठरविला. रक्कम दुप्पट करीत जाणाऱ्याला अडविण्यासाठी मात्र तेथे कोणताही कायदा करावा लागला नाही. त्याच्यासाठी खुर्ची पुढे सरकविली जाते.

शब्दार्थ
पण – पैजेवर लावलेली वस्तू किंवा रक्कम. गृहीतक – सिद्ध न करता मान्य केलेले विधान. अक्षहृदय – फाशांच्या खेळाचे मर्म. धुऊन निघणे – सर्व पैसा गमावणे.

स्वाध्याय
१. 'चौथा सहसा बोलत नाही' या वाक्याचा आशय सुमारे ऐंशी शब्दांत स्पष्ट करा.
२. जॅगरची रीत आणि दालांबेरच्या नावाची पद्धत यांतील मूलभूत फरक सांगा.
३. एक नाणे शंभर वेळा उडवून निकाल क्रमाने लिहून काढा. एकाच बाजूची सर्वांत लांब सलग मालिका कितीची आली? ती येण्यापूर्वी तुमचा अंदाज काय होता?
४. तुमच्या परिसरात ऐकू येणारा 'अनुभवाने सिद्ध झालेला' एखादा उपाय घ्या आणि ज्यांना त्याचा उपयोग झाला नाही त्यांची माहिती कशी मिळविता येईल, ते लिहा.