चांदणीच्या खुराविषयी

चि. बाळू,

फोनवर तू म्हणालास, आपल्या चांदणी घोडीच्या खुरातून पुन्हा काळा, घाण वासाचा चिकट पदार्थ येतोय. वर्षात तिसऱ्यांदा. शेजारचे गवळी म्हणतात तशी ती खुरकूत नव्हे. लाळ्या-खुरकूत गाई-म्हशींना, शेळ्यांना होते. घोड्याला होत नाही. ही खुरकुज. खुराच्या तळाला जी मऊ त्रिकोणी पुतळी असते, ती बाजूच्या खाचांतून आणि मधल्या फटीतून कुजते. हवा नसेल तिथे वाढणारे जंतू हे काम करतात.

तू पावसाला बोल लावतोस. अरे, पालघरचा पाऊस काय आजचा आहे? आषाढात लग्नं थांबली की वरातीची घोडी आपण तुळशीच्या लग्नापर्यंत खुंट्याला बांधतो, तिच्याच लीद-मुतात. चालताना पुतळी दाबली जाते, खुरात रक्त खेळतं, अडकलेली घाण सुटते. उभ्या जनावराच्या खाचांत लीद ठासून बसते. पाऊस उघडला की बोईसरच्या रहदारीपासून लांब, कडक वाटेवर रोज अर्धा तास चालव. चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलीस तर परतल्यावर खुरातली वाळू काढ आणि खूर कोरडा पूस.

तबेल्यात मुरूम टाकून जमीन उंच कर, उतार दे. वर भाताचं तूस अंथर, भिजलेलं रोज काढ. खाली बसून एकदा वास घे. तुझ्या डोळ्यांना झोंबलं तर तिचे खूर दिवसभर त्यातच आहेत, हे समज.

आता औषध. तरुणपणी मी एका घोडीच्या खुरात फॉर्मेलीन ओतलं होतं. वास गेला, मी खूश. पण आतली जिवंत कातडी भाजली आणि घोडी महिनाभर लंगडली. मोरचूदही तसाच, भसाभसा भरायचा नाही. आकडीने टाचेकडून पुढे खूर साफ कर, खाच धू, कोरडी कर, मग पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन कापसाला लावून मधल्या फटीत हलकेच बसव. कापूस रोज बदल. फटीत बोळा खोल जात असेल, तर रोग तिथेच दडलाय. वरवर पुसून तो तिसऱ्यांदा काय, दहाव्यांदाही येईल.

कुजलेली पुतळी तू कापू नकोस. ते नालबंदाचं काम. सहा-आठ आठवड्यांनी त्याला बोलावत जा. टाचा आवळल्या की फट मिटते आणि आत हवा जात नाही. लंगडत असेल, रक्त येत असेल किंवा फुलकोबीसारखं मांस वाढलं असेल, तर मात्र थेट पशुवैद्याकडे. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही विचार. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

रविवारी डहाणू लोकलने येतोय. नालबंदाला सकाळीच बोलावून ठेव आणि मी येईपर्यंत त्या खुराला काळं तेल फासू नकोस.

तुझा काका