कुंभारीची घरं कुणाची?

प्रश्न : सोलापूरहून अक्कलकोटला येताना कुंभारीला विडी कामगारांची हजारो घरं लागतात. ती सरकारनं दिली, की कामगारांनी उभी केली? आणि विमा वगैरे नव्हता तेव्हा अशी माणसं आजारपण, मयत कसं निभावत?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : घरं दोघांनी मिळून उभी केली, पण रेटा कामगारांचा. गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची ही 10,000 घरं. एका घराचा खर्च सुमारे 60,000 रुपये : 20,000 केंद्राचे, 20,000 राज्याचे आणि 20,000 विडी वळणाऱ्या बाईचे. हजार विड्यांवर मजुरी मिळते. हात थांबला की त्या दिवशी काहीच नाही. अशा कमाईतून हा वाटा उभा राहिला, हे मला फार मोठं वाटतं. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढा चालला आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं ताब्यात मिळाली.

आता दुसरा प्रश्न. चार पैसे एकत्र करून अडल्यानडल्याला धावून जाणं जगभरच्या कष्टकऱ्यांनी केलं. इंग्लंडमध्ये कारागीर दर आठवड्याला काही पेनी जमा करत. आजाऱ्याला त्यातून भत्ता आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च मिळे. अशा मंडळ्यांसाठी तिथे 1793 मध्ये कायदाही झाला. मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात गोव्याच्या खलाशांचे गावागावांचे ‘कूड’ होते : वर्गणी थोडी, पण बोटीवरून उतरलेल्याला निजायला जागा, पेटी ठेवायला कोपरा आणि आजारपणात गाववाले जवळ. आपल्याकडची भिशी याच नात्यातली.

पण भिशीचं बळ बेताचंच. एकाच्या घरी दुखणं आलं, तर बाकीचे सावरतात. गिरणीच बंद पडली, तर सगळ्यांचे पगार एकदम थांबतात. तेव्हा वर्तुळाबाहेरचा पैसा लागतो. 1976 साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि घर, औषधपाणी यांसाठी सरकारी निधीची सोय झाली. तरीही मागायला संघटना लागतेच. स्वतःचा वाटा भरलेला माणूस सरकारकडे हक्कानं बोलतो. मला कुंभारीत हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. अक्कलकोटच्या अन्नछत्रात जेवणाऱ्याला कुणी वर्गणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. भुकेल्याला आधी जेवू घालायचं असतं. डोक्यावरच्या छपराची गोष्ट वेगळी.

त्याच कुंभारीत आता असंघटित कामगारांसाठी रे नगरची 30,000 घरांची योजना आहे. पहिली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली.